शनिवारी रेकॉर्डी ऐकायला या

मंगळवार, रात्री

ए-३०१ काका: नमस्कार मंडळी. येत्या शनिवारी संध्याकाळी साडेसहाला आमच्या हॉलमध्ये रेकॉर्डी लावणार आहे. इतकी वर्षं एकटाच ऐकत आलोय. परवा टाकी धुवायला आलेला मुलगा काम झाल्यावर दारातच थांबला आणि रेकॉर्डची अख्खी एक बाजू ऐकून गेला. तेव्हापासून डोक्यात आहे, आपल्याच बिल्डिंगमध्ये कुणाला ऐकायचं असेल तर हे कपाटात कोंडून कशाला ठेवायचं? सवड असेल त्यांनी जरूर या. चहा आहे.

सी-१०१ अण्णा: येतो की! किती हायत ओ रेकॉर्डी?

ए-३०१ काका: मोठ्या एलपी १४० च्या आसपास, छोट्या ईपी साठेक. ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या, २६ उरल्यात.

बी-१०२ ताई: उरल्यात म्हणजे? फुटल्या का बाकीच्या?

ए-३०१ काका: ताई, २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ तळमजल्यावर राहत होतो. पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली तसं वडिलांना आणि कागदपत्रांची पिशवी घेऊन बाहेर पडलो. रेकॉर्डी तशाच राहिल्या. वाटलं होतं, कपाटापर्यंत पाणी कुठलं यायला.

परत आलो तेव्हा कपाटाचं दार फुगून बसलेलं, पहारीनं काढावं लागलं. कव्हरांचा लगदा झालेला आणि त्यात रेकॉर्डी भाकरीच्या चवडीसारख्या एकमेकींना चिकटलेल्या. मी म्हटलं, गेलं सगळं. वडील म्हणाले, टाकू नको, धू.

अंगणात तीन घमेली मांडली. पहिल्यात साधं पाणी, दुसऱ्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, तिसऱ्यात बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी. हातात लहान मुलांचा मऊ टूथब्रश. तो खाचेच्या बाजूनं गोल फिरवायचा, आडवा कधीच नाही. वडील पाटावर बसून एकेक रेकॉर्ड उन्हाकडं तिरकी धरून बघायचे. काळ्या खाचांत पिवळट गाळाची रेघ दिसली की परत माझ्या हातात. अकरा दिवस दोघं तेवढंच करत होतो. एलपी आणि ईपी बहुतेक सगळ्या वाचल्या, त्या प्लास्टिकच्या. ७८ च्या लाखेच्या. त्यातल्या काही वाकल्या, काहींच्या कडा सुटल्या, काहींची लेबलं पाण्यात गेली. चाळीसातल्या २६ राहिल्या.

वडील त्याच वर्षी दिवाळीनंतर गेले. पुढं वर्षभर मी रेकॉर्डीचं मशीन उघडलं नाही.

बी-१०२ ताई: काका, काय बोलावं कळंना. शनिवारी येतो आम्ही दोघं.

ए-२०३ सेक्रेटरी: काका, क्लबहाऊस घ्या की. जागा मोठी आहे, चार्ज लावणार नाही.

ए-३०१ काका: मनापासून आभार. पण मशीन हलवलं की लेव्हल आणि सुईचं वजन परत लावावं लागतं, आणि क्लबहाऊसमध्ये आवाज घुमतो. आमच्या हॉलमध्ये पंधरा माणसं सहज बसतील. सतरंज्या आहेत.

ए-३०२ वहिनी: काका, आपली भिंत एकच आहे. दुपारी बाळाला झोपवताना तुमच्याकडचं गाणं ऐकू येतं आणि ती शांत पडून राहते, हे तुम्हाला कधीचं सांगायचं होतं. शनिवारी गर्दी असेल, तेवढं आठच्या आत आटपाल का? साडेआठला तिची झोपायची वेळ.

ए-३०१ काका: पावणेआठला शेवटची बाजू संपेल. शब्द देतो. आणि दुपारी बाळाला काय आवडतं ते सांगा, मुद्दाम लावीन.

बुधवार

सी-४०१ दादा: काका, राग मानू नका, खरंच विचारतोय. ही गाणी बहुतेक मोबाईलवर आहेत, खरखर नाही, पूर नाही, धुणं नाही. मग रेकॉर्डच का?

ए-३०१ काका: राग कशाला, विचारायलाच पाहिजे. मोबाईलवरचा आवाज स्वच्छ असतो, ते कबूल. झिजलेल्या रेकॉर्डचा आवाज त्याच्यापेक्षा चांगला असतो असं मी कधीच म्हणणार नाही. पण एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं असतात आणि तेवढा वेळ कुणी गाणं पुढं ढकलत नाही. खोलीत चौघं असली तर चौघं तेच ऐकतात, मधल्या न आवडणाऱ्या गाण्यासकट. माझी कितीतरी आवडती गाणी अशी आवडत्या दोन गाण्यांच्या मधे सापडलीत. बाजू संपली की कुणीतरी उठून ती उलटावी लागते. आमच्या घरी तो मान ज्याला त्याला वाटून दिलेला असायचा. माझा नंबर रविवारी सकाळचा. सुई खाली येते, खर्र असा बारीक आवाज होतो आणि पहिला सूर लागायच्या आत सगळे गप्प होतात. मला त्या गप्प होण्याची ओढ आहे.

बी-३०४ आजी (नात टाइप करतेय): आजी सांगते तसं लिहिते. मी लहानपणी देवल क्लबात पेटी शिकायला जायचो. १८८३ सालची गाण्या-वाजवण्याची संस्था ती, तेव्हाच जुनी वाटायची. अल्लादियाखाँसाहेब आपल्या कोल्हापूरचे दरबारी गवई, शाहू महाराजांच्या पदरी होते. पण त्यांचा आवाज एकाही तबकडीवर नाही. त्यांची गायकी कानानं ऐकायची तर शिष्यांच्या रेकॉर्डीच धराव्या लागतात. केसरबाई केरकर ऐका, मोगूबाई कुर्डीकर ऐका. ७८ च्या एका बाजूला सव्वातीन-साडेतीन मिनिटं मिळायची. मैफलीत ज्या बायका एक राग तासभर मांडायच्या, त्यांनी तो तेवढ्यात बसवला. आलाप किती, बोल किती, तान कुठं टाकायची, सगळं आधी ठरवून. एकदा ऐकून त्यातलं काही हाती लागत नाही. दहा वेळा ऐकलं की कळायला लागतं बाईनं काय गाळलं आणि काय ठेवलं.

सी-४०१ दादा: केसरबाई म्हणजे व्हॉयेजरवाल्या ना?

बी-३०४ आजी (नात): आजी विचारते ते काय?

सी-४०१ दादा: आजी, १९७७ मध्ये नासानं व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. दोन्हींवर एकेक तबकडी आहे, तांब्याची, वर सोन्याचा मुलामा. बारा इंची, आपल्या एलपीएवढीच, पण फिरायचा वेग निम्मा. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे, ही १६⅔. सोबत सुई बसवायचं कार्ट्रिज आणि सुईसुद्धा दिली आहे, कुणाला सापडली तर वाजवता यावी म्हणून. त्यात भारतातलं एकच गाणं आहे, केसरबाईंची भैरवी, ‘जात कहाँ हो’.

बी-३०४ आजी (नात): आजी दोन मिनिटं काहीच बोलली नाही. मग म्हणाली, त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई गेल्या. लहान असताना काही महिने कोल्हापुरात अब्दुल करीमखाँसाहेबांकडं शिकल्या होत्या, आणि पुढं अल्लादियाखाँसाहेबांकडं. म्हणजे आपल्या गावची तालीम तिथवर गेली.

ए-३०१ काका: आजी, तुमच्यासाठी केसरबाईंची एक ७८ आहे माझ्याकडं. पुरातून वाचलेली. शनिवारी पहिली तीच लावू.

बी-१०२ ताई: काका, माझ्या माहेरी गडहिंग्लजला माळ्यावर एक खोकं आहे. आजोबांच्या रेकॉर्डी. बहीण म्हणते भंगारात घालूया. मी तिला थांबवलंय. कशा पुसायच्या त्या? घरात स्पिरिट आहे.

ए-३०१ काका: ताई, स्पिरिट अजिबात नको! आधी ओळखा कुठली कुठली आहे. जड, कडक आणि लेबलवर ७८ लिहिलेली असेल तर ती लाखेची. सुतार पॉलिश करताना चपडा स्पिरिटमध्ये विरघळवतो ना, तो चपडा म्हणजे हीच लाख. स्पिरिटचा बोळा फिरवला की खाचच विरघळेल, परत येणार नाही. हलकी आणि थोडी वाकणारी असेल ती एलपी किंवा ईपी. दोन्हींवरची धूळ आधी कोरड्या मऊ ब्रशनं काढा, मग डिस्टिल्ड पाण्यानं जेमतेम ओलसर केलेलं मऊ कापड खाचेच्या बाजूनं गोल फिरवा. लेबल कोरडं राहू दे. लाखेची जास्त वेळ ओली ठेवू नका आणि दोन्ही हातांनी धरा, पडली की बशीसारखी फुटते. वाळवायच्या त्या सावलीत. इथं आणलात तर मीच धुऊन देईन.

सी-४०१ दादा: मी दोन महिन्यांपूर्वी ऑनलाइन सुटकेससारखा प्लेअर घेतलाय. आवाज बारीक येतो, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. जुन्या रेकॉर्डी त्यावर लावू का?

ए-३०१ काका: जुन्या नको लावूस. असल्या बऱ्याच मशिनांत सुई रेकॉर्डवर चार-पाच ग्रॅम भार टाकते. माझ्या मशीनला मी पावणेदोन ग्रॅमवर ठेवतो. भार जास्त, झीज जास्त. आणि ७८ ची खाच एलपीच्या खाचेहून बरीच रुंद. तिला वेगळी जाड सुई लागते. एलपीच्या सुईनं लावलीस तर सुई खाचेच्या तळाशी घासत जाते, गाण्यापेक्षा खरखरच जास्त.

आवाज बारीक का येतो तेही सांगतो. बाहेरचा स्पीकर जोडलायस का?

सी-४०१ दादा: हो, घरातल्या म्युझिक सिस्टिमला.

ए-३०१ काका: रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी करतात आणि वरचे सूर वाढवतात. खर्ज आहे तसा कापला तर खाच इतकी डुलेल की एका बाजूला वीस मिनिटं मावणारच नाहीत. वाजवताना तो खर्ज परत भरून काढावा लागतो. ते काम फोनो प्रीअँपचं. तुझ्या मशीनवर फोनो आणि लाइन असं बटण आहे का बघ. फोनोवर असेल तर लाइनवर कर.

सी-४०१ दादा: मागच्या बाजूला बटण होतं!! फोनोवर होतं. आत्ता केलं लाइनवर. काका, नाद खुळा. खर्ज आला.

सी-१०१ अण्णा: पोरा, अजून एक ऐक. मशीन आणि स्पीकर एका टेबलावर ठेवू नको. स्पीकरचा हादरा सुईला लागतोय, सुईतनं परत स्पीकरमधी जातोय आणि घों घों सुरू होतंय. मी बारा वर्सं स्पीकरचा धंदा केला. गणपती, बारशी, लग्नं. मांडवात सतरंजी चौघडी करून तिच्यावर मशीन ठेवायचो. पाऊस आला की पहिल्यांदा रेकॉर्डी पोत्यात गुंडाळून आत, मग मशीन, मग आम्ही.

ए-३०१ काका: अण्णा, शनिवारी मशीनजवळ तुम्हीच बसा.

रविवार, सकाळी

ए-३०२ वहिनी: काल पावणेआठला बरोबर संपलं, धन्यवाद काका. बाळ जागीच होती, पण एकदाही रडली नाही.

ए-२०३ सेक्रेटरी: मी तासाभरासाठी म्हणून आलो होतो, शेवटपर्यंत बसलो. फोन बघायचाच राहिला. दर दुसऱ्या शनिवारी ठेवूया का? नोटीस बोर्डावर लावतो.

बी-३०४ आजी (नात): आजी रात्री उशिरापर्यंत भैरवी गुणगुणत होती. मला म्हणाली, उद्यापासून पेटी काढ.

सी-४०१ दादा: त्या बिनलेबलच्या रेकॉर्डचं काय ठरलं?

ए-३०१ काका: जे काल नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. पुरात लेबल गेलेली एक ७८ आहे. कोण गातंय ते मला आजवर कळलेलं नाही. अगदी सुरुवातीच्या रेकॉर्डींत गाणं संपलं की गाणारी बाई स्वतःचं नाव सांगायची. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथल्या माणसांना कुणाची कुठली ते कळावं म्हणून. कलकत्त्याला कारखाना झाला तो पुढं, १९०८ ला. या रेकॉर्डवरही शेवटी बाई नाव सांगते, पण नेमक्या तिथंच खाच खराब झाली आहे. काल पंधरा जणांनी ते शेवटचे दोन सेकंद सहा वेळा ऐकले.

सी-१०१ अण्णा: मी सांगतो, ‘जान’ म्हणतीय ती. अमुक जान.

बी-३०४ आजी (नात): आजी म्हणते ‘बाई’. आणि राग पिलू, त्याबद्दल तिला शंका नाही.

ए-३०१ काका: माझ्या वडिलांनाही पिलूच वाटायचा. ते एकटेच तसं म्हणायचे, म्हणून मी कधी लक्ष दिलं नाही.

सी-४०१ दादा: काका, लेबल आणि खाचा यांच्यामधल्या कोऱ्या पट्टीवर काही कोरलेलं असतं ना? मी संध्याकाळी येतो. टॉर्च तिरका मारून फोटो काढतो, आकडे वाचता आले तर त्यावरून सापडेल.

ए-३०१ काका: ये. सहानंतर कधीही ये. मीही आधी एकदा धुऊन ठेवतो.

बी-१०२ ताई: मी आत्ता गडहिंग्लजला निघालोय खोकं आणायला. बहिणीनं उघडून बघितलं, वरच्याच रेकॉर्डवर कुत्रं आणि कर्णा, ते एचएमव्हीचं चित्र, आहे म्हणे. संध्याकाळपर्यंत परत.

ए-३०१ काका: ताई, गाडीत आडव्या एकावर एक नका ठेवू, खालच्या तडकतील. उभ्या ठेवा, मधे पेपर घाला, आणि खोकं डिकीत नको, मागच्या सीटवर. सावकाश या, मी घरीच आहे.