‘उधाण’ म्हणजे वादळ नव्हे: समानार्थी शब्द नेमका कशाचा असतो?

देवबागकर (धागा सुरू करताना)

एका वर्तमानपत्रात मथळा वाचला, ‘समुद्राला उधाण, मच्छीमारांना इशारा’. खालची बातमी होती सोसाट्याच्या वाऱ्याची. ‘समुद्र खवळलेला राहील’ हे हवामान खात्याचे शब्दही बातमीत होते. तिथी मात्र अष्टमी. म्हणजे त्या दिवशी उधाण नव्हतेच, भांग होता.

घाटावरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र पडते आणि पाणी नेहमीपेक्षा जास्त चढते, तसेच जास्त उतरते. हे उधाण. अष्टमीच्या आसपास ती ओढ काटकोनात विभागली जाते, चढउतार कमी होतो. तो भांग. वारा अजिबात नसला तरी उधाण येते, आणि भांगातही समुद्र खवळू शकतो. होडीवाल्यासाठी हे दोन वेगळे धोके आहेत. उधाणात खाडीच्या तोंडाशी पाण्याचा ओढा वाढतो, ओहोटीला तळ उघडा पडतो, बांधून ठेवलेली होडी वाळूत बसते. ते कळायला पंचांग पुरते. खवळलेल्या समुद्राचे तसे नाही, तिथे वाऱ्याचाच अंदाज लागतो.

मथळा देणाऱ्याने ‘खवळणे’ला ‘उधाण’ हा पर्याय घेतला, कारण दोन्ही शब्द ‘समुद्र जोरात आहे’ अशा एकाच कप्प्यात त्याच्या मनात पडले असणार. माझे म्हणणे असे की समानार्थी शब्द हा शब्दाला जोडलेला नसतोच, तो त्याच्या एकेका अर्थाला जोडलेला असतो. ‘ओहोटी’ला आपल्याकडे ‘सुकती’ म्हणतात आणि समुद्रापुरते दोन्ही अगदी एक. पण ‘लोकप्रियतेला सुकती लागली’ असे कोणी म्हणेल का?

मी दोन गोष्टी तपासतो. एक, क्रियापद. समुद्राला भरती येते, पोलिसांत भरती होते, आणि लेख लांबवायला भरतीचा मजकूर घालतात. क्रियापद बदलले की अर्थ बदलला, आणि अर्थ बदलला की पर्यायही बदलला. दुसरे, विरुद्धार्थी शब्द. उधाणाच्या उलट भांग, खवळलेल्याच्या उलट शांत. ज्यांचे उलट शब्द जुळत नाहीत, ते एकमेकांच्या जागी बसवताना मी थांबतो.

शाळेत ‘भरती म्हणजे अमुक, नाव म्हणजे तमुक’ अशा वाक्याविना याद्या पाठ करून घेतात. या घोळाचे मूळ मला तिथेच दिसते. तुम्हांला काय वाटते?

मराठीच्या बाई, गुहागर तालुका

शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत नाही. वीस वर्षांहून जास्त काळ पाचवी ते सातवीला शिकवते आहे. सागर, सिंधू, रत्नाकर, जलधी, अर्णव हे शब्द मुलाच्या कानावर घरी पडत नाहीत, बाजारात पडत नाहीत, मोबाइलवर तर नाहीतच. यादी नसेल तर ते त्याला भेटणार कुठे? आधी शब्द ओळखीचा होऊ दे, मग तो कुठे बसतो ते वाचनातून कळत जाते. आपणही असेच शिकलो. यादीवर दोष टाकणे सोपे आहे. मुलांच्या हाती अवांतर पुस्तकच येत नाही, हा खरा दोष.

उपसंपादक, चिपळूण

तो मथळा माझा नाही, पण मी तसाच दिला असता, म्हणून लिहितो. ‘उधाण’ हा शब्द पंचांगातून कधीच बाहेर पडलाय. आनंदाला उधाण येते, चर्चेला येते, बाजारातल्या गर्दीलाही येते. जोर, अतिरेक, मर्यादा ओलांडणे हा त्याचा आजचा अर्थ आहे आणि तो मराठी माणसांनीच दिला आहे. मूळ अर्थाला धरून बसायचे तर निम्मी भाषा बंद करावी लागेल. इशारा होता ‘समुद्रात जाऊ नका’. तो पोहोचला. मथळ्याचे काम झाले.

देवबागकर

@उपसंपादक, आनंदाला उधाण येऊ द्या, माझी त्याला काहीच हरकत नाही. तिथे समुद्र नाही, त्यामुळे गोंधळही नाही. पण वाक्यात समुद्र आणि मच्छीमार दोघे असताना त्या माणसाच्या कानाला पहिला अर्थच ऐकू येतो. तो पंचांग बघतो, अष्टमी दिसते आणि म्हणतो, पेपरवाल्यांना काही कळत नाही. इशारा तिथेच वाया गेला. मुंबईत पालिका पावसाळ्यात साडेचार मीटरहून उंच भरतीच्या दिवसांची यादी आधीच जाहीर करते. ती आधी करता येते, कारण ते उधाणाचे गणित आहे. वादळाची यादी अशी महिनेच्या महिने आधी देता येईल का?

कलमवाला, देवगड

आमच्या बागेतून बघा. ‘कलम’चा पर्याय यादीत ‘लेखणी’ असतो. इथल्या पोराला कलम म्हटले की हापूसचे झाड दिसते, आणि तलाठ्याकडे गेलेल्या त्याच्या बापाला कायद्याचे कलम. तिन्ही अर्थ जिवंत आहेत, पर्याय तिघांचे तीन. रोप हासुद्धा पर्याय नव्हे, कारण कोय रुजून आलेले ते रोप आणि खुंटावर काडी बांधून केलेले ते कलम. रोपवाटिकेत दोघांचा भावही वेगळा.

‘अढी’ घ्या. आंबा पिकवायला गवतात लावतात ती अढी. मनात धरतात तीही अढी, तिला आकस, किल्मिष हे शब्द चालतात. आंब्याच्या अढीला दुसरा शब्द मला तरी ठाऊक नाही. रास म्हणाल तर गवत गेले, ढीग म्हणाल तर पिकवणे गेले.

आणि सर्वांत जास्त त्रास ‘मोहोर’चा. एकच शब्द पुन्हा नको म्हणून लिहिणारे दुसऱ्या ओळीत ‘बहार’ घालतात. फळबागेच्या भाषेत बहार म्हणजे हंगाम. मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार ही डाळिंब-संत्र्याच्या बागेतली रोजची बोली. हवामानावर आधारित फळपीक विम्यात आमचा आंबा आणि काजू ‘आंबिया बहार’ या नावाखाली येतात. तेव्हा ‘बहार वाया गेला’ लिहिले तर अख्खा हंगाम गेला असा अर्थ होतो. मोहोर गळला असेल तर मोहोर गळला असेच लिहा. दुसऱ्यांदा मोहोर येतो, तेव्हा त्या वाक्याची गरज लागते. शब्द दोनदा आल्याने बातमी खराब होत नाही.

मूळचा राजापूरचा, मुक्काम नागपूर

सगळे बरोबर असेल, पण लिहायचे कोणासाठी? इथे ऑफिसात मी ‘आज भांग आहे’ म्हटले तर लोक होळी आली समजतील, नाहीतर केसांचा भांग. सुकती कोणाला कळणार नाही. तुम्ही ज्याला नेमका शब्द म्हणता, तो चार तालुक्यांपुरता नेमका आहे. सर्वांना कळेल असा थोडा ढोबळ शब्द मला जास्त योग्य वाटतो. ‘ओहोटी’ लिहा, ‘कमी उंचीची भरती’ लिहा. नेमकेपणाच्या नादात वाचक सुटला तर त्या नेमकेपणाचे करायचे काय?

कोशप्रेमी, अलिबाग

दोन्ही बाजूंना उपयोगी पडेल म्हणून सांगतो. अमरकोश या जुन्या संस्कृत कोशात पर्यायी शब्द विषयवार वर्गांत दिले आहेत, पाण्याशी संबंधित शब्द वारिवर्गात. पण एकाच शब्दाचे अनेक अर्थ असले, तर त्यासाठी तिसऱ्या कांडात वेगळा नानार्थवर्ग आहे. म्हणजे ‘एका अर्थाचे अनेक शब्द’ आणि ‘एका शब्दाचे अनेक अर्थ’ ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्या कोशकाराला स्वच्छ दिसत होते. आपल्या शाळेच्या यादीत दोन्ही एका ओळीत येतात.

दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात (1932 ते 1938) अर्थांना क्रमांक आहेत आणि कोकणातल्या, कुडाळकडच्या, राजापूरकडच्या शब्दांना तशी खूणही. आयआयटी मुंबईत झालेले मराठी शब्दजाल (वर्डनेट), म्हणजे संगणकावरचा शब्दकोश, हेही अर्थाच्या गटांवर रचले आहे. तिथे एक शब्द जितके अर्थ तितक्या गटांत दिसतो.

बाई, यादी पाठ करून घेणे हे अमरकोशापासून चालत आले आहे हे खरे. पण ती यादी अर्थाच्या खुंटीला टांगलेली होती.

देवबागकर

@राजापूर-नागपूर, ‘कमी उंचीची भरती’ मला पूर्ण मान्य. त्यात अर्थ शाबूत आहे, फक्त शब्द सोपे झाले. माझे भांडण अर्थच बदलणाऱ्या ‘सोप्या’ शब्दाशी आहे. मच्छीमारांना सरसकट ‘कोळी’ लिहितात, कारण सर्वांना कळते. सिंधुदुर्गात मासेमारी करणारा मोठा समाज गाबितांचा आहे, रत्नागिरीकडे दालदी आहेत. कोळी हा धंद्याचा शब्द नाही, समाजाचे नाव आहे. ढोबळपणाने इथे माणसाची ओळखच बदलली.

मराठीच्या बाई, गुहागर तालुका

यादी मी सोडणार नाही, हे आधीच सांगते. पण नानार्थाचे शब्द वेगळे काढून प्रत्येकापुढे वाक्य लिहून घेता येईल. ‘माडी’पासून सुरुवात करेन: घराची माडी आणि माडाची माडी. तिथेच ताडी आणि नीरा वेगळ्या का, तेही येईल. परीक्षेत एका शब्दाला एकच उत्तर मागतात, त्याचे काय करायचे ते मात्र इथे कोणीच सांगितलेले नाही.

उपसंपादक, चिपळूण

बरे, मग हे सांगा. पौर्णिमा आहे आणि त्याच दिवशी वाराही. मथळ्यात काय लिहू?

देवबागकर

दोन्ही. ‘उधाणाच्या भरतीत समुद्र खवळणार’ आणि खाली भरतीची वेळ. असे दोन्ही एका वेळी आले की आमच्याकडे पाणी माडांच्या बागा ओलांडून घरापर्यंत येते. लोकांनी होड्या वर ओढायच्या की सामानही उचलायचे, हे त्या एका ओळीवरून ठरते.

उपसंपादक, चिपळूण

ही ओळ मथळ्यात बसते. वापरेन. क्रिकेटच्या जल्लोषाला उधाण मात्र आणणारच.