‘दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी लावून कार्ड परत आलं. वॉरंटी संपण्याआधी पुन्हा कसं पाठवू?

निळापडदा:

नमस्कार मंडळी. १२ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड आहे, वॉरंटी तीन वर्षांची, त्यातले थोडेच महिने उरलेत. गेम सुरू करून अर्धा-पाऊण तास झाला की पडद्यावर हिरवे-जांभळे चौकोन उमटायला लागतात. आधी एका कोपऱ्यात, मग सगळ्या चित्रावर. शेवटी पडदा काळा होतो, पंखे पूर्ण वेगाने फिरायला लागतात आणि मशीन बटण दाबूनच बंद करावं लागतं. ब्राउझर, व्हिडिओ, साधं टायपिंग यात कधीच काही होत नाही.

कंपनीच्या कस्टमर केअरला लिहिलं तर दर वेळी वेगळा माणूस उत्तर देतो आणि दर वेळी ड्रायव्हर पुन्हा टाका, विंडोज पुन्हा टाका, इथूनच सुरुवात. ते सगळं केलं. मग एकदाचा आरएमए (वॉरंटीत कार्ड परत पाठवायची परवानगी) मिळाला, कार्ड पाठवलं, आणि ‘तपासणी केली, दोष आढळला नाही’ अशी छापील चिठ्ठी लावून तेच कार्ड परत आलं. बसवलं, गेम लावला, पुन्हा तेच चौकोन.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पुन्हा पाठवताना काय केलं म्हणजे ते नीट बघतील? आणि मेमरीचं तापमान ९४ अंशांपर्यंत जातंय, तर कूलर काढून थर्मल पॅड (चिपची उष्णता कूलरकडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या) बदलून बघू का? कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला भांडायचं नाही, चालणारं कार्ड हवंय.

---

तारांचाजुडगा:

पॉवर सप्लाय आधी बाद करा. आठ पिनांची एक केबल १५० वॉटसाठी आणि मदरबोर्डवरचा स्लॉट ७५ वॉटसाठी असतो. एकाच केबलला दोन तोंडं असलेली वापरत असाल तर ती काढून दोन स्वतंत्र केबली लावा. शक्य असेल तर मित्राच्या मशीनमध्ये कार्ड बसवून बघा. तिथेही चौकोन आले तर तुमच्या बाकीच्या मशीनचा संशय संपला. कस्टमर केअरचा पुढचा प्रश्न हाच असणार आहे, तेव्हा उत्तर आधीच तयार ठेवा.

---

बेंचवरचा:

एका सर्व्हिस सेंटरच्या बेंचवर मी काही वर्षं हीच कार्डं तपासली आहेत. ‘दोष आढळला नाही’ ही चिठ्ठी तिथल्या बाजूने बघितलीय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्यासारखी माणसं खरं सांगत असतात आणि तरी कार्ड तसंच परत जातं, याचं मला तेव्हाही वाईट वाटायचं.

बेंचवर कार्ड उघड्यावर चालतं. कॅबिनेट नाही, शेजारी तापलेला प्रोसेसर नाही, आणि खोलीत एसी. तंत्रज्ञापुढे कार्डांची रांग असते, त्यामुळे ठरलेली चाचणी वीस-पंचवीस मिनिटं लावायची, चित्र बरोबर आलं की पुढचं कार्ड. तुमचा दोष बंद कॅबिनेटमध्ये, अर्ध्या तासानंतर, मेमरी नव्वदीच्या पुढे गेल्यावर दिसतो. त्या टेबलावर तो दिसणारच नाही. तिथे कुणी लबाडी केली असेल असं नाही. चाचणीच तुमच्या दोषापर्यंत पोचली नाही.

लक्षणांवरून मला मेमरीचाच संशय येतो. मेमरीची प्रत्येक चिप बोर्डाला १८० बारीक सोल्डरच्या गोळ्यांनी जोडलेली असते. तापणं-निवणं वारंवार झालं की एखाद्या गोळीला केसाएवढी भेग पडू शकते. कार्ड गार असताना ती जागा टेकलेली असते, तापून बोर्ड जरासा वाकला की सुटते. म्हणून ब्राउझरमध्ये सगळं छान आणि गेममध्ये चौकोन. चिपच आतून कमजोर झाली असेल तरी साधारण असंच दिसतं. फरमार्कसारखी चाचणी मुख्यतः जीपीयूला, म्हणजे कार्डाच्या मुख्य चिपला, ताण देते, वीज आणि उष्णता बघायला ती चांगली. मेमरीत लिहिलेलं जसंच्या तसं परत वाचता येतंय का, हे बघायला ऑक्ट या प्रोग्रॅममधली व्हीरॅम (म्हणजे कार्डाची मेमरी) चाचणी किंवा मेमटेस्ट-व्हल्कन लावा. या दोन्ही चाचण्या मेमरीत ठरावीक आकडे लिहितात, ते परत वाचतात आणि चूक झाली तर मोजून दाखवतात.

आता तुम्ही असं करा. कार्डाचा वेग (क्लॉक) मूळपेक्षा वाढवलेला असेल तर सगळं मूळ सेटिंगवर आणा. सेफ मोडमध्ये डीडीयू या प्रोग्रॅमने ड्रायव्हर पूर्ण काढून ताजा टाका आणि त्याची आवृत्ती लिहून ठेवा. मग कॅबिनेट बंद करून गेम चालवा. चौकोन दिसायला लागले की लगेच बाहेर पडा आणि कार्ड गरम असतानाच व्हीरॅम चाचणी लावा. मोबाईलवर एका दमात व्हिडिओ घ्या: आधी कार्डावरचा सिरियल नंबर, मग पडदा, मग तापमान दाखवणारी खिडकी आणि शेवटी चुकांचा आकडा. मध्ये कट नको. मशीन लगेच पुन्हा सुरू करून बायोसच्या (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या) पडद्यावरही चौकोन दिसतात का बघा. तिथे विंडोज नसतं, ड्रायव्हर नसतो, त्यामुळे तिथे दिसले तर पुढचा सगळा वाद संपतो.

नवं तिकीट (तक्रारीची नोंद) उघडू नका. लोक वैतागून नवं उघडतात आणि आधीचा सगळा इतिहास तुटतो, पुन्हा ‘विंडोज टाका’पासून सुरुवात होते. जुन्याच तिकिटात एकच पत्र लिहा: कार्ड एकदा येऊन गेलं, चिठ्ठीत असं लिहिलं होतं, दोष अमुक स्थितीत अमुक वेळाने दिसतो, दुसऱ्या मशीनमध्येही दिसतो, व्हिडिओ सोबत आहे, कृपया बंद कॅबिनेटमध्ये किमान तासभर व्हीरॅम चाचणी लावावी. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. बेंचवरच्या माणसाला ‘कार्ड खराब आहे’ या वाक्याचा काही उपयोग नसतो. काय लावलं म्हणजे दोष दिसेल हे कळलं तर तो ते लावतो. हेच वाक्य कागदावर छापून कार्डाच्या पिशवीवर चिकटवा, कारण तिकिटातला मजकूर बेंचपर्यंत पोचेलच असं नाही.

पॅडचं म्हणाल तर आत्ता अजिबात हात लावू नका. पॅड बदलले की मेमरी गार राहील, दोष आणखी उशिरा दिसेल आणि तुमच्याच हाताने पुरावा जाईल. शिवाय प्रत्येक जागी पॅडची जाडी वेगळी असते. अर्ध्या मिलिमीटरने चुकलात तर कूलर जीपीयूवर नीट टेकत नाही, आणि मग कंपनीला बोट दाखवायला जागा मिळते.

पाठवण्याआधी फोटो काढा. चारही कोपरे, स्लॉटमध्ये जाणारी सोनेरी पट्टी, तिच्या टोकाचा खाचेचा भाग, पॉवरची तोंडं, स्क्रूवरचे स्टिकर. जड कार्डांचा बोर्ड त्या खाचेजवळ तडकतो, आणि तडा दिसला की ‘भौतिक नुकसान’ म्हणून दावा बाद होतो. तडा तुमच्याकडे नव्हता हे सांगायला फोटोशिवाय काही नसतं. अँटिस्टॅटिक पिशवी, मूळ खोका, आणि त्याभोवती आणखी एक मोठा खोका. मध्ये चहूबाजूंनी भरपूर फोम, कार्ड आत हलता कामा नये.

---

जुनंतेसोनं:

वरचं सगळं पटलं. एकच भर घालतो: पुरावा नेमका असला की मोठ्या कंपन्याही मान्य करतात.

डिसेंबर २०२२ मध्ये एएमडीचं आरएक्स ७९०० एक्सटीएक्स आलं आणि एएमडीच्या स्वतःच्या रचनेच्या काही कार्डांचा हॉटस्पॉट (चिपवरचा सगळ्यात तापलेला बिंदू) ११० अंशांवर जाऊन अडायला लागला. लोकांनी नुसतं ‘तापतंय’ म्हटलं नाही, तर कार्ड बसवायची दिशा बदलली की तापमान बदलतं हे दाखवून दिलं. त्यावरून संशय व्हेपर चेंबरवर (कूलरमधल्या थोडं पाणी भरलेल्या बंद कप्प्यावर) गेला आणि जानेवारी २०२३ मध्ये एएमडीने काही चेंबरमध्ये पाणी कमी भरलं गेल्याचं मान्य करून कार्डं बदलून दिली. फेब्रुवारी २०२५ मध्येही तसंच. एनव्हिडियाच्या काही आरटीएक्स ५०९० कार्डांत, कार्डाची माहिती दाखवणारा जीपीयू-झेड हा प्रोग्रॅम १७६ ऐवजी १६८ आरओपी (चित्राचे अंतिम ठिपके तयार करणारे चिपमधले भाग) दाखवत होता. आकडा समोर असल्यावर वाद घालायला काही उरलंच नाही. एनव्हिडियाने ०.५ टक्क्यापेक्षा कमी कार्डांत हा दोष असल्याचं सांगितलं आणि ज्या कंपनीने कार्ड बनवलं तिच्याकडून बदलून घ्या म्हटलं.

त्या शेवटच्या वाक्याकडे लक्ष द्या. चिप एनव्हिडियाची किंवा एएमडीची असली तरी वॉरंटी खोक्यावर जिचं नाव आहे त्या कंपनीची असते, आणि तिची सेवा कशी आहे हे चिपच्या वेगावरून कळत नाही. माझी बरीच कार्डं ईव्हीजीए या कंपनीची होती. २०२१ मध्ये न्यू वर्ल्ड या गेमच्या बीटामध्ये (चाचणी आवृत्तीत) त्यांची काही आरटीएक्स ३०९० कार्डं जळली, तेव्हा त्यांनी मॉस्फेटजवळच्या (वीज नियंत्रित करणाऱ्या भागाजवळच्या) सोल्डरिंगमध्ये चूक होती हे स्वतः सांगितलं आणि कार्डं बदलून दिली. कूलर काढला म्हणून ते वॉरंटी नाकारत नसत. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांनी ग्राफिक्स कार्डांचा धंदा सोडल्याचं जाहीर केलं, ते मला आजही खटकतं. तेव्हापासून मी कार्ड घेताना बेंचमार्कआधी (वेगाच्या चाचण्यांच्या आकड्यांआधी) वॉरंटीच्या अटी वाचतो: मुदत बिलाच्या तारखेपासून की सिरियल नंबरातल्या उत्पादनाच्या तारखेपासून, दुसऱ्या मालकाला चालते का, पाठवण्याचा खर्च कुणाचा.

स्टिकरबद्दल एक माहिती. अमेरिकेत जुलै २०२४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेने) एएसरॉक, गिगाबाइट आणि झोटॅक यांना ‘स्टिकर फाटला तर वॉरंटी रद्द’ या धोरणाबद्दल इशारा-पत्रं पाठवली. म्हणजे स्टिकर फाटला की सगळं संपलं, हे सगळीकडे कायद्याला धरून नाही. तरी चालू दाव्यात कार्ड उघडू नये, हे बेंचवरच्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

---

निळापडदा:

सगळ्यांचे मनापासून आभार. स्वतंत्र केबली लावल्या, फरक नाही. बहिणीच्या मशीनमध्ये बसवलं, तिथेही चौकोन आले. गरम असताना व्हीरॅम चाचणी लावली तर मिनिटाभरात चुका धडाधड वाढायला लागल्या. गार कार्डावर मात्र तीच चाचणी स्वच्छ पार पडते. हे तर मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं! व्हिडिओ, फोटो आणि ते एकच पत्र जुन्या तिकिटात टाकलं, पिशवीवर कागदही चिकटवला. या वेळी कंपनीने दोष मान्य केला.

आता म्हणतायत की तेच मॉडेल साठ्यात नाही, त्याच दर्जाचं दुसरं देतो. होकार देण्याआधी काय बघू?

---

बेंचवरचा:

वाचून फार बरं वाटलं.

होकार देण्याआधी मॉडेलचं पूर्ण नाव लेखी मागा, ‘त्याच दर्जाचं’ एवढ्यावर थांबू नका. मेमरी १२ जीबीपेक्षा कमी नको, आणि मेमरी बसची (जीपीयू आणि मेमरीमधल्या वाटेची) रुंदीही बघा, कारण एकाच नावाच्या कार्डाच्या दोन आवृत्त्यांत ती वेगळी असू शकते. लांबी आणि जाडी तुमच्या कॅबिनेटमध्ये मावते का मोजा. पॉवरचं तोंड आठ पिनांऐवजी सोळा पिनांचं असेल तर अडॅप्टर खोक्यात येतो का विचारा आणि बसवताना तो शेवटपर्यंत आत गेलाय याची खात्री करा, अर्धवट बसलेली ती तोंडं वितळल्याची उदाहरणं आहेत. कार्ड नवं की दुरुस्त केलेलं, आणि त्यावर वॉरंटी किती, हे तिकिटातच लिहून घ्या. बऱ्याच ठिकाणी मूळ मुदतीतला उरलेला काळ किंवा ९० दिवस, यातलं जे जास्त असेल ते मिळतं. तुमचे थोडेच महिने उरलेत, म्हणून हे आधी विचारा.

आणि कार्ड आलं की पहिल्याच दिवशी बंद कॅबिनेटमध्ये तीच व्हीरॅम चाचणी गरम कार्डावर लावा. काही दिसलं तर त्याच तिकिटात लगेच कळवा.