पौलाचा समुद्रप्रवास: कुठून वाचायला घेऊ?

निशिगंधा_व
पुढच्या महिन्यात वाचनगटात बायबलच्या नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातल्या पौलाच्या समुद्रप्रवासावर बोलायचंय. जिथे बघावं तिथे ‘समुद्र म्हणजे संकट, जहाज म्हणजे चर्च’ एवढंच. मी ख्रिस्ती नाही, बायबल पहिल्यांदाच हातात घेतेय. काय वाचू?

वरामावाला
अध्याय २७, शेजारी नकाशा उघडून. प्रतीकं नंतर. पौल, म्हणजे ख्रिस्ताचा प्रचार करणारा प्रेषित, कैदी म्हणून रोमला चाललाय, अलेक्झांड्रियाचं गव्हाचं जहाज, माणसं २७६. ‘उपासाचा दिवस होऊन गेला होता’ असं लेखक जाता जाता म्हणतो. म्हणजे यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस, सप्टेंबर-ऑक्टोबर. त्यानंतर भूमध्य समुद्रात जहाजं बंदरात ओढायची वेळ. (आम्ही वसईचे. पावसाळी बंदीत होडी काढणाऱ्याला घरचे काय म्हणतात ते इथे लिहिता येणार नाही.)

क्रेत बेट सोडल्यावर युरकुलोन नावाचा वादळी वारा गाठतो. जहाजाला खालून दोर आवळतात. चौदाव्या रात्री बुडीद (खोली मोजायची वजन बांधलेली दोरी) टाकतात: वीस वाव पाणी, एक वाव म्हणजे साधारण सहा फूट. थोडं पुढे पंधरा. मग वरामावरून, म्हणजे जहाजाच्या मागच्या टोकावरून, चार नांगर टाकून उजाडायची वाट बघत बसतात. एवढा भाग गटात मोठ्याने वाचाच.

चिंचपोकळीकर
सोबत बायबलमधलंच योनाचं पुस्तक घ्या, चारच छोटे अध्याय. योना देवापासून पळतो आणि जहाजाच्या तळाशी झोपतो; त्याला समुद्रात टाकल्यावर वादळ शमतं. इथे उलट, पौल जहाजावर आहे म्हणून सगळे वाचतात. खलाशी होडी सोडून पळू बघतात, तेव्हा ‘हे राहिले नाहीत तर तुम्हीही वाचणार नाही’ असं तो शिपायांना सांगतो. आणि उजाडताना सगळ्यांसमोर त्याने मोडलेली भाकर म्हणजे प्रभुभोजनच, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून चर्चमध्ये करतात तो विधी.

वरामावाला
भाकरीचं मला नाही पटत. घेतली, आभार मानले, मोडली, इथवर लूकच्या शुभवर्तमानातल्या २२व्या अध्यायासारखंच, जिथे येशूचं शेवटचं जेवण आहे. पण तिथे पुढे ‘त्यांना दिली’ असं आहे. इथे पौल स्वतःच खायला लागतो, ते बघून बाकीच्यांना धीर येतो. उपाशी माणसांच्या पोटात काही जावं, एवढीच त्याची धडपड. जेवण झाल्यावर उरलेला गहू समुद्रात.

निशिगंधा_व
योना आजच वाचते. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल ‘तीनदा जहाज फुटलं’ म्हणतो, त्यात या प्रवासातलं जहाज फुटणं धरलंय का?

चिंचपोकळीकर
नाही, पत्र आधीचं. या प्रवासात जहाज माल्टा बेटाशी फुटतं, ते निदान चौथं. २७:१० मध्ये ‘या प्रवासात नुकसान होणार’ असं तो आधीच बजावतो, पण शताधिपती (कैद्यांना नेणारा रोमी अधिकारी) तांडेल आणि जहाजमालकाचं ऐकतो. भर वादळात पौल ते ऐकवल्याशिवाय राहत नाही, बघा २७:२१.