लिनक्सच्या डब्यातून घरात नेट वाटणारे रिकामटेकडे नाहीत

नंदनवनचा भाऊ:
काल इथे एकाने लिहिलं की घरचं नेट लिनक्सच्या (विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टिम) कम्प्युटरमधून वाटणारे रिकामटेकडे आहेत, हजार-दीड हजारात राऊटर येतो, विषय संपला. वाचलं तेव्हापासून डोकं तापलं आहे. नाही संपला विषय. २०२० च्या लॉकडाऊनमधे घरात दोन पोरांची शाळा, बायकोचं ऑफिस, वायर एकच, राऊटर जळलेला आणि दुकानं बंद. जुन्या डेस्कटॉपमधे कपाटात पडलेलं दुसरं लॅन कार्ड लावलं, आयपी फॉरवर्डिंग (एका कार्डावर आलेलं दुसऱ्यावर पुढे पाठवणं) चालू केलं, आयपीटेबल्समधे, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलमधे, मास्करेडची (अख्ख्या घराला एकाच पत्त्यावरून बाहेर पाठवणारी) एक ओळ टाकली, कोपऱ्यातला जुना नेटवर्क स्विच (लॅनच्या वायरी जोडायचा डबा) जोडला आणि अख्खं घर त्या एका वायरवर चाललं. तो डबा अजून चालू आहे. रात्री दोन वाजता घरातला टीव्ही कोणाशी बोलून राहिला ते मला त्यात दिसते. राऊटरवर नुसते दिवे दिसतात.

सदरवाला:
दिवे पेटले की आमचं काम होते. माझ्या मोठ्या भावाने आईच्या घरी हेच करून ठेवलं होतं. उन्हाळ्यात लाईट गेली, आली, डबा चालू झाला पण नेट नाही. भाऊ पुण्यात. फोनवर आईला सांगून राहिला की काळी खिडकी उघड, सुडोची कमांड टाइप कर. सत्तर वर्षांची बाई, चष्मा लावून एकेक अक्षर शोधून राहिली, आणि डॉक्टरच्या व्हिडिओ कॉलची वेळ निघून गेली. घर म्हणजे प्रयोगशाळा नाही.

नंदनवनचा भाऊ:
आईचं ऐकून वाईट वाटलं, मनापासून. पण दोष लिनक्सचा नाही. भावाने फॉरवर्डिंग चालू करायला प्रॉकमधल्या (चालू सिस्टिमच्या तात्पुरत्या सेटिंगच्या) फाइलमधे १ लिहून सोडून दिलं असेल, ते रीबूट झालं की परत ० होते. कायम राहायला सिसकंट्रोलच्या कॉन्फ (सेटिंगच्या) फाइलमधे लिहावं लागते आणि आयपीटेबल्सचे नियम वेगळे सेव्ह करावे लागतात. नाहीतर लिनक्समधल्याच नेटवर्क मॅनेजरमधे "शेअर्ड" निवडा, तो स्वतःच घरातल्या फोन-कम्प्युटरला १०.४२ ने सुरू होणारे आयपी पत्ते वाटतो.

महालची ताई:
बिलाचं कोणी बोलूनच नाही राहिलं. डेस्कटॉप ७० वॅट धरा, चोवीस तास चालला तर दिवसाला १.६८ युनिट, महिन्याला ५०. राऊटर १० वॅटचा, महिन्याला ७ च्या आसपास. १०० युनिट ओलांडले की वरचे युनिट महागाच्या स्लॅबमधे जातात. भरणाऱ्याला विचारा.

कूलरवाला:
ताई, बिलाचं काढलंच तर मे महिन्याचं पण बोला. पारा ४५ वर, कूलर रात्रंदिवस चालू, आणि त्याच खोलीत हा डबा गरम हवा फेकून राहिला. वरून कूलरचा ओलावा. माझ्या जुन्या कम्प्युटरचे स्क्रू गंजून गेले, रॅम काढली तर पट्टीवर हिरवट थर. खसच्या ताट्या नवीन होत्या तरी.

नंदनवनचा भाऊ:
कूलरवर चर्चा नाही चालू इथे.

महालची ताई:
चालू आहे. घर एक, बिल एक. तुमचा डबा हवेत लटकलेला नाही.

कूलरवाला:
बरोबर! आणि कूलर खिडकीबाहेर असला तरी ओलावा आत येतोच, हे ज्याने नागपुरात उन्हाळा काढला त्याला शिकवायला नको. तीन उन्हाळ्यांत दोन पॉवर सप्लाय गेले माझे, तिसरा घेतलाच नाही.

रामदासपेठ:
मी नेटवर्कचंच काम करतो, दोन्हीकडचं सांगतो. घरी पीपीपीओईचं (युजरनेम-पासवर्ड टाकून जोडायचं) कनेक्शन, तिकडे पॅकेटची, म्हणजे नेटवरच्या डेटाच्या एका तुकड्याची, मर्यादा १४९२ बाइट, आणि आतले फोन १५०० धरून चालतात. लिनक्समधून वाटलं तर सर्च धडाधड उघडे, बँकेचं पान मात्र अर्ध्यावर लटके. आठवडाभर बायको बँकेवर चिडून राहिली. एमएसएस (एका पॅकेटमधे मावणारा डेटा) कमी करणारा एक नियम आयपीटेबल्सच्या फॉरवर्ड चेनमधे (पुढे जाणाऱ्या पॅकेटच्या नियमांची यादी) टाकला तेव्हा मिटलं. घरगुती राऊटर हे न सांगता करतो, हे मान्य करा. पण बऱ्याच घरगुती राऊटरला काही वर्षांनी अपडेट येणं बंद होते, आणि लिनक्सला येत राहते, हे पण करा. डेस्कटॉप काढा, जुना लॅपटॉप ठेवा. १५-२० वॅट, बॅटरी आतच, दुसरं लॅन पोर्ट यूएसबीचं लावा.

सदरवाला:
लॅपटॉप चालू राहील हो, पण लाईट गेली की फायबरचा डबा बंद, मग लॅपटॉपमधे नेट येईल कुठून?

रामदासपेठ:
तो डबा बहुतेक १२ व्होल्टवर चालतो, त्याला छोटा यूपीएस मिळतो. माझ्याकडे आहे.

सदरवाला:
ठीक आहे, लॅपटॉपचं पटलं. आईच्या घरी मात्र राऊटरच राहील, त्यावर वाद नको.

नंदनवनचा भाऊ:
आईच्या घरी ठेवाच, मी पण तेच सांगितलं असतं. रिकामटेकडे हा शब्द तेवढा मागे घ्यायला सांगा त्याला. रविवारी मीटर लावून डेस्कटॉपचे वॅट मोजतो, ताईंचा आकडा खरा निघाला तर लॅपटॉपवर हलवतो. राऊटर घेणार नाही.