कॉमेंटेटरकडून खेळाडूचं नाव चुकलं तर चालेल, नियम चुकला तर नाही

टचलाईन
परवा एका फुटबॉल लीग मॅचमध्ये डिफेंडरनं मागून येऊन स्ट्रायकरला पाडलं. रेफरीनं पिवळं कार्ड काढलं. कॉमेंटेटर लगेच म्हणाला, "लास्ट मॅन होता, लाल कार्ड हवंच होतं," आणि पुढची दहा मिनिटं तेच घोळवत बसला. नियमपुस्तकात 'लास्ट मॅन', म्हणजे गोलकीपरआधीचा शेवटचा डिफेंडर, असा शब्दच नाही. नियम १२ नुसार बघायचं ते एवढंच, की गोलची उघड संधी हिरावली गेली का. त्यासाठी गोलपासूनचं अंतर, खेळाची दिशा, बॉल ताब्यात यायची शक्यता आणि बाकीचे डिफेंडर कुठे होते हे पाहतात. इथे तो स्ट्रायकर गोल सोडून कॉर्नर फ्लॅगकडे पळत होता! शिवाय २०१६ पासून पेनल्टी बॉक्समध्ये बॉल खेळायच्या खऱ्या प्रयत्नात असा फाउल झाला, तर पेनल्टी आणि पिवळंच कार्ड मिळतं.

शेजारी माझा बारा वर्षांचा भाचा बसला होता. तो रेफरीला चोर म्हणत झोपायला गेला. धावपळीत खेळाडूचं नाव चुकलं तर मी सोडून देईन, पण नियम चुकीचा सांगितला की हजारो घरांत रेफरी विनाकारण गुन्हेगार ठरतो.

गॅलरी_क
सोफ्यावर बसून चार रिप्ले बघितल्यावर हे बोलणं सोपं आहे. २२ जून १९८६, मेक्सिकोतलं अझ्टेका स्टेडियम, विश्वचषकातली अर्जेंटिना-इंग्लंड मॅच. मॅराडोनानं हातानं गोल केला तेव्हा बीबीसीचे कॉमेंटेटर बॅरी डेव्हिस लांबून बघत होते. इंग्लंडचे खेळाडू रेफरीमागे धावले, तेव्हा त्यांना आधी ऑफसाइडचीच तक्रार वाटली. हाताची शंका त्यांनी नंतर बोलून दाखवली. अहो, मैदानात उभ्या असलेल्या रेफरी अली बेन्नासूरलाही तो हात दिसला नव्हता! कॉमेंटेटरला एका सेकंदात तोंड उघडावं लागतं. कित्येकदा तर तो स्टेडियमात नसतोच, स्टुडिओत तुमच्याआमच्यासारखाच पडदा बघत असतो. कॅमेरा दाखवेल तेवढंच त्याला दिसतं.

टचलाईन
डेव्हिस यांचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं झालं. दिसलं नाही, म्हणून त्यांनी प्रश्न विचारला, निकाल दिला नाही. त्याच मॅचला अर्जेंटिनाच्या रेडिओवर उरुग्वेचे व्हिक्टर ह्युगो मोरालेस होते. गोल मनापासून ओरडतोय, पण मला तो हाताचा वाटला आणि वाटतं ते सांगायलाच हवं, असं ते अर्जेंटिनाच्याच श्रोत्यांना म्हणाले. सगळा देश नाचत असताना! मला कॉमेंटेटर हवा तो असा. आणि 'लास्ट मॅन'चा घड्याळाशी काय संबंध? नियम मॅचच्या आधी वाचायचा असतो.

मधलीरेषा
मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. १५ जून २०१४ ची, ब्राझीलच्या विश्वचषकातली पोर्तो अलेग्रेची फ्रान्स-होंडुरास मॅच आठवा. बॉल रेषेपार गेला का हे सांगणारी गोललाइन यंत्रणा तेव्हा होती. बेन्झेमाचा फटका पोस्टला लागला आणि पडद्यावर 'गोल नाही' असं आलं. तोच बॉल उलटून गोलकीपर वालादारेसला लागून रेषेपार गेला आणि पडद्यावर 'गोल' आलं. यंत्रणेनं दोन वेगळ्या घटनांची दोन वेगळी उत्तरं दिली होती आणि दोन्ही बरोबर होती. बीबीसीचे कॉमेंटेटर जोनाथन पिअर्स यांना मात्र वाटलं की यंत्रणाच शब्द फिरवतेय. कुठल्या रिप्लेवर विश्वास ठेवायचा, असं ते विचारत राहिले आणि लोकांनी त्यांना धारेवर धरलं. विश्वचषकात या तंत्रानं ठरलेला तो पहिलाच गोल. हेडफोनमधून निर्मात्यानं "पहिलं उत्तर पोस्टचं, दुसरं कीपरचं" एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. मला यात दोष माणसापेक्षा मांडणीचा जास्त दिसतो.

रंकाळाकाठ
माझं भांडण टचलाईन यांच्या शीर्षकाशी आहे. नाव चुकलं तर चालेल असं कृपा करून म्हणू नका. आम्ही कोल्हापूरकर शाहू स्टेडियमच्या गॅलरीत वाढलो. थ्रो-इनवरून थेट ऑफसाइड होत नाही हे इथं शेजारचे आजोबाच शिकवतात, त्यासाठी टीव्ही लागत नाही. पण २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालचा विश्वचषक झाला आणि आपल्या अनिकेत जाधवनं भारताची जर्सी घातली, तेव्हा आम्ही त्याचं नाव ऐकायलाच बसलो होतो. अशा वेळी त्याचा पास दुसऱ्याच्या नावावर गेला असता, तर पेठेतल्या कुणालाही ती किरकोळ चूक वाटली नसती. त्या वयाच्या पोराला टीव्हीवर असे किती दिवस मिळतात?

टचलाईन
रंकाळाकाठ, मान्य. शीर्षक बदलता येत नाही, नाहीतर बदललं असतं. नावही तितकंच सांभाळायला हवं.

गॅलरी_क
मग उपाय काय, ते बोला. ब्रिटनच्या बीटी स्पोर्ट वाहिनीनं माजी रेफरी पीटर वॉल्टन यांना नियम समजावून सांगायला बसवलं होतं. तसं सगळीकडे करा. कॉमेंटेटरनं खेळ सांगावा, नियम जाणणाऱ्यानं नियम सांगावा. एकाच माणसानं दोन्ही पाठ ठेवावं, ही अपेक्षा मला आजही अन्यायाची वाटते.

टचलाईन
वॉल्टन यांच्यासारखं कुणी आलं तर आनंदच आहे. पण मग कॉमेंटेटरनं त्यांचं ऐकून आपलं वाक्य मागेही घ्यायला हवं. "मघाशी मी चुकीचं सांगितलं, ते पिवळं कार्ड बरोबर होतं," एवढंच, फार तर पाच सेकंद. परवा पूर्ण हाफटाइम हातात होता. शेवटच्या शिट्टीपर्यंत वाट बघितली, कुणी म्हटलं नाही.