साध्या लंबकावरून जी (गुरुत्व त्वरण, मी./से.²) ९.५५ ± ०.०२ येतोय. चूक नेमकी कुठे शोधायची?

एफवाय_बॅच३

पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल. पितळी बॉब (लंबकाचा गोळा), सुती दोरा, वर चिरलेल्या बुचात पकडलेला. कोन ५ अंशांच्या आत. प्रत्येक लांबीला २० आंदोलनांची वेळ तीनदा घेतली, खाली तिन्हींची सरासरी आहे:

दोरा ४० सें.मी. : २५.९१ से. : जी ९.४१
दोरा ६० सें.मी. : ३१.४९ से. : जी ९.५५
दोरा ८० सें.मी. : ३६.३० से. : जी ९.५९
दोरा १०० सें.मी. : ४०.४७ से. : जी ९.६४

१०० सें.मी.ची मूळ रीडिंग्ज ४०.३८, ४०.५६ आणि ४०.४७ अशी आहेत.

स्टॉपवॉचचा लीस्ट काउंट (मोजता येणारं लहानात लहान माप) ०.०१ से., मीटरपट्टीचा ०.१ सें.मी. त्यावरून त्रुटी ०.२ टक्के, म्हणजे ±०.०२. पुस्तकात ९.८१ आहे. जर्नलमध्ये कारण म्हणून ‘हवेचा विरोध’ लिहिलं तर चालेल का?

शून्यत्रुटी

चालणार नाही. व्हायवात (तोंडी परीक्षेत) पहिला प्रश्न त्यावरच येईल. पितळी बॉबवर हवेच्या उत्प्लावक बलाचा परिणाम साधारण ०.०१४ टक्के असतो आणि अवमंदनामुळे (आंदोलनं हळूहळू लहान होत गेल्याने) आवर्तकाल, म्हणजे एका आंदोलनाचा वेळ, बदलतो तो तर दिसतही नाही. तुमची तूट दोन टक्क्यांहून जास्त आहे.

तक्त्याचा शेवटचा रकाना वरून खाली वाचा: ९.४१, ९.५५, ९.५९, ९.६४. हात मागेपुढे झाल्याने येणारी चूक असती तर आकडे वरखाली झाले असते. इथे ते लांबीबरोबर चढताहेत. म्हणजे प्रत्येक लांबीत ठरावीक काहीतरी कमी धरलं गेलंय. दीड सेंटिमीटर ४० मध्ये जवळपास चार टक्के होतात, १०० मध्ये दीड टक्का.

मोजणीची चूक अशी दिसत नाही. घड्याळ सुरू करताना ‘एक’ म्हटलं तर विसाव्या आकड्याला १९ च आंदोलनं होतात आणि जी सगळ्या लांब्यांना सारखाच ११ टक्के जास्त येतो, साधारण १०.८. मोठ्या कोनाचंही तेच: कोन तोच ठेवला तर टक्केवारी लांबीप्रमाणे बदलत नाही. शिवाय १० अंशांनाही जी फक्त ०.४ टक्क्याने घसरतो.

तुम्ही तक्त्यात ‘दोरा’ लिहिलंय, तिथेच गोम आहे. लंबकाची लांबी बुचाच्या खालच्या कडेपासून बॉबच्या केंद्रापर्यंत. दोरा गाठीपाशी संपतो. पुढे हुक आणि बॉबची त्रिज्या उरते.

आता चार जींची सरासरी काढायचं सोडा आणि टी² (आवर्तकालाचा वर्ग) विरुद्ध लांबी असा आलेख काढा. लांबीत ठरावीक चूक असेल तर रेषा आरंभबिंदूतून जात नाही, पण तिचा चढ बिघडत नाही. तुमच्या आकड्यांवरून चढ ४.०३ से.²/मी. येतो. जी = ४ × π² ÷ चढ = ९.७९. लांबी शून्य असताना रेषा टी² च्या अक्षावर ०.०६४ ला छेदते. त्याला चढाने भागलं की ०.०१६ मी. तेवढे १.६ सें.मी. तुमच्या लांबीतून गळलेत. व्हर्नियर घेऊन बॉब आणि हुक मोजून बघा.

प्रयोगवही

वरच्या उत्तराशी सहमत. पण ±०.०२ वर कोणी बोललं नाही, आणि माझ्या मते खरी गडबड तिथे जास्त आहे.

लीस्ट काउंट म्हणजे अनिश्चितता नव्हे. स्टॉपवॉच शतांश सेकंद दाखवतं, अंगठा तितका अचूक नसतो. तुमची तीनच रीडिंग्ज ०.१८ सेकंदांत पसरली आहेत. त्यांचं प्रमाण विचलन (सरासरीभोवती रीडिंग्ज किती पसरली त्याचं माप) ०.०९ से.; सरासरीची अनिश्चितता ०.०९ भागिले √३, म्हणजे ०.०५ से. लीस्ट काउंटच्या पाचपट. यावरून चढाची अनिश्चितता साधारण अर्धा टक्का येते, म्हणून ९.७९ ± ०.०५ लिहा. पुढे तिसरा दशांश लिहायचा मोह आवरा.

आणि ९.८१ शी तुलना कशाला? ९.८०६६५ हे १९०१ मध्ये ठरवून दिलेलं प्रमाण मूल्य आहे, साधारण ४५ अंश अक्षांशावरच्या समुद्रसपाटीचं. पुण्यामुंबईकडे खरा जी ९.७८ च्या आसपास.

एफवाय_बॅच३

बॉबचा व्यास २.०२ सें.मी., गाठीपासून बॉबच्या माथ्यापर्यंत हुक ०.५ सें.मी. बेरीज १.५१ येते, १.६ नाही. मग ०.०९ सें.मी. कुठे गेले?

शून्यत्रुटी

कुठेच नाही. सगळ्यात लहान लांबी ४० सें.मी., तिथून रेषा शून्यापर्यंत मागे ओढली की छेदबिंदूची अनिश्चितता वाढते. तुमच्या आकड्यांना ती ०.३ ते ०.४ सें.मी. आहे. १.६ ± ०.४ आणि १.५१ यांत विरोध नाही.

प्रत्येक लांबीत १.५ मिळवा: ९.७६, ९.७९, ९.७७, ९.७९. चढण गेली, उरलेला विस्कटपणा निव्वळ वेळेचा आहे. जर्नलमध्ये ही दुरुस्ती उघड लिहा, जुना तक्ता खोडू नका.

प्रयोगवही

पुन्हा रीडिंग घ्यायला मिळालं तर:

लांबी बॉब टांगलेला असतानाच मोजा. दोरा ताणला जातो आणि गाठ आवळते.

घड्याळ टोकाला नको, मधल्या स्थितीत दाबा. मागे पट्टीवर खडूची उभी खूण करा. टोकाला बॉब क्षणभर रेंगाळतो, नेमकं कधी दाबायचं ते डोळ्याला कळत नाही. मध्ये वेग सर्वांत जास्त, त्यामुळे क्षण स्पष्ट. बॉब सोडल्यावर दोन-तीन फेऱ्या जाऊ द्या, मग ‘तीन, दोन, एक, शून्य’ म्हणत शून्याला सुरू करा. बॉब वरून पाहिल्यावर लंबवर्तुळात फिरताना दिसला तर थांबवून परत सोडा.

मीटरपट्टी

एक भर. अंगठ्याची चूक आंदोलनं कितीही मोजली तरी तेवढीच राहते, म्हणून ४० सें.मी.ला २० ऐवजी ५० मोजा. आवर्तकालाची अनिश्चितता एका रीडिंगला ०.००४५ वरून ०.००१८ से. वर येते. मात्र एकदाच ५० मोजून थांबू नका. एखादं आंदोलन मोजायचं राहिलं तर ४० सें.मी.ला सव्वा सेकंदाहून जास्त फरक पडतो आणि तो दुसरं रीडिंग शेजारी असल्याशिवाय सापडत नाही.