‘बेशुद्ध पक्षपात’ला मराठीत काय म्हणाल?

दुरेघी :
चाकणच्या एका कारखान्यातल्या सुपरवायझर मंडळींसाठी आठ पानांची पुस्तिका मराठीत करून द्यायची आहे. विषय ‘अनकॉन्शस बायस’. म्हणजे समोरच्या माणसाबद्दलचं मत आपण ठरवायच्या आधीच कुठेतरी आत तयार होऊन बसलेलं असतं आणि पुढचा सगळा विचार त्याच्या कलानं चालतो, ते. माझ्या हाती आलेला मसुदा यंत्राकडून करून घेतलेला होता. त्यात पानोपानी ‘बेशुद्ध पक्षपात’. बेशुद्ध पडलेला माणूस पक्षपात करील कसा? त्याला आधी कांदा हुंगवायला हवा.

‘पूर्वग्रह’ सुचला, पण त्यात नकळतपणा पुरेसा येत नाही. शिवाय मसुद्यात तो ‘पूर्वाग्रह’ असा लिहिलाय, ते बरोबर का? आणि सुपरवायझर लोकांच्या रोजच्या बोलण्यातला एखादा शब्द मिळाला तर सोन्याहून पिवळं.

शुद्धिपत्र :
‘पूर्वाग्रह’ हिंदीत रूढ आहे, मराठीत ‘पूर्वग्रह’. हा फरक नुसत्या काना-मात्रेचा नाही. आग्रह आपण धरतो. ग्रह आपला होतो. ‘मी ग्रह केला’ असं कोणी म्हणत नाही, ‘माझा ग्रह झाला’ म्हणतात, फार तर ‘ग्रह करून घेतला’. मूळ धातू ग्रह्, म्हणजे पकडणे. राहू सूर्याला धरतो ते ग्रहण, आणि आकाशातले ग्रहही पकडणारे म्हणूनच ग्रह. आग्रह, निग्रह, संग्रह, अनुग्रह ही सगळी एकाच वाड्यातली बिऱ्हाडं. तेव्हा पूर्वग्रह आपण बाळगलेला नसतो, त्यानंच आपल्याला धरलेलं असतं, असं वाचायला माझी हरकत नाही. (व्याकरणाच्या सरळ वाटेनं ग्रह म्हणजे ‘ग्रहण केलेलं, करून घेतलेली समजूत’ एवढंच निघतं. ते माहीत असूनही मला ही दुसरी वाट आवडते.)

‘अनकॉन्शस’ला पाठ्यपुस्तकांत ‘अबोध’ आणि ‘अचेतन’ हे दोन्ही आढळतात. ‘अचेतन’ टाळा, दगड आठवतो. माझं मत ‘नेणीव’ला. नेणणे म्हणजे न जाणणे, अस्सल जुनं क्रियापद. हरिपाठात ‘जाणीव नेणीव भगवंती नाही’ येतं, तिथे नेणीव म्हणजे साधं अज्ञान. मनाचा आपल्यालाच न दिसणारा भाग, हा अर्थ अलीकडचा. शरद पाटलांनी जातिव्यवस्थेचा विचार मांडताना जाणीव-नेणीव ही जोडी त्या अर्थानं वापरली. सातशे वर्षांचा शब्द नव्या कामाला लागला, याहून चांगली गोष्ट काय!

रातांबा :
काका, शब्द गोड आहे, पण चाकणात ‘नेणीव’ म्हटलं तर लोक उणीव ऐकतील.

आमच्या रत्नागिरीकडचा शब्द घ्या : अढी. आंबा उतरवला की खोलीत भाताचा पेंढा पसरायचा, त्यावर आंब्यांचा थर, पुन्हा पेंढा, पुन्हा आंबे. ही अढी. आठ-दहा दिवस दार लोटून ठेवायचं. फळातून सुटणारा इथिलीन वायू आत कोंडतो आणि त्या उबेत एकाच्या नादानं दुसरा पिकत जातो. मधेमधे चाळवून बघावं लागतं, कारण एखादा डागी राहिला तर शेजारच्या चार जणांना घेऊन जातो. आणि खोलीचं दार उघडलं की आंबा दिसायच्या आधी वास येतो.

आता ‘त्याच्या मनात माझ्याबद्दल अढी आहे’ हे वाक्य घ्या. झाकलेलं, दिसत नाही, आतल्या आत पिकतंय आणि तोंड उघडलं की वास येतोच. यापेक्षा नेमकं काय हवंय तुम्हाला?

शुद्धिपत्र :
चित्र झकास. पण कोशात एकाखाली एक छापले म्हणून दोन शब्द सख्खे भाऊ ठरत नाहीत. आंब्याची अढी आणि मनातली अढी एकाच मुळाच्या आहेत याला पुरावा लागेल, नुसतं साम्य पुरत नाही.

त्याहून मोठी अडचण वापराची आहे. अढी बसायला काहीतरी घडावं लागतं. लग्नात मानपान राहिला, वाटणीत विहीर गेली, मग अढी बसली. तिला विशिष्ट माणूस लागतो आणि बहुधा तारीखही. ज्या माणसाला आपण आज पहिल्यांदा बघतोय त्याच्याबद्दल अढी कशी असेल? दुरेघीताईंना हवंय ते नेमकं हेच, काहीही न घडता आधीच असलेलं. ‘आकस’ तर त्याहून उघडा, आकस धरणाऱ्याला तो पक्का ठाऊक असतो.

रातांबा :
पुरावा शोधतो. पण वापराबद्दल म्हणालात ते पटलं, च्यायला.

पायरीचा दगड :
‘मनात किंतु’ राहिला ना. ‘पण’ या अर्थाचं संस्कृत अव्यय, त्याचं आपण चक्क नाम करून टाकलं. वाक्य पुरं झालेलं नाही, आक्षेप काय ते सांगता येत नाही, नुसता ‘पण’ शिल्लक आहे.

आणि ‘पाल चुकचुकली’. घरात पालीचं चुकचुकणं अपशकुन मानत नाहीत असे माझे बुद्धिवादी मित्रही ‘तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती’ असं बिनदिक्कत म्हणतात. भिंतीवरची हाकलली, मनातली राहिली.

सलाईन :
‘काविळीच्या डोळ्यांना सगळं पिवळं दिसतं’ ही म्हण कोणीतरी टाकेलच, म्हणून आधीच सांगते. सव्वीस वर्षं वॉर्डात काढली. कावीळ झालेल्याच्या डोळ्यातला पांढरा भाग पिवळा होतो, तो आपल्याला दिसतो. खुद्द पेशंटला चादर पांढरीच दिसते. किती जणांना विचारलंय! पण दर वेळी नातेवाईक त्यालाच विचारणार, ‘तुला पिवळं दिसतंय का रे?’ पूर्वग्रहावरची म्हण हाच एक पूर्वग्रह आहे बघा.

दुरेघी :
सलाईनताई, ही म्हण पुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर होती. काढली.

तुमचं वाचून एक जुनी गोष्ट आठवली. ती इथे लिहायची की नाही याचा दोन दिवस विचार केला. एका ठिकाणी भाषांतरकार निवडायच्या होत्या, मी तोंडी परीक्षा घेणाऱ्यांत होते. एक मुलगी आली. बोलताना ‘आनी’, ‘पानी’, ‘कोनी’. मी तिला दहापैकी चार दिले. शेऱ्यात ‘पानी’बद्दल एक अक्षर लिहिलं नाही. लिहिलं काय, तर ‘मांडणी विस्कळीत, आत्मविश्वास कमी’. आणि लिहिताना ते मला शंभर टक्के खरं वाटत होतं, हे महत्त्वाचं. लेखी पेपर दुसऱ्या दिवशी नावं झाकून तपासले. त्यातला सगळ्यांत नेटका, सगळ्यांत बांधीव पेपर तिचा निघाला.

माझ्या घरात ‘ण’ चुकला की आजोबा घास थांबवून दुरुस्त करायचे. ण म्हणजे शिकलेलं, न म्हणजे अडाणी, हे मला कोणी शिकवलं नाही, ते जेवणाबरोबर पोटात गेलं. गंमत म्हणजे आपण ज्याला ‘शुद्ध भाषा’ म्हणतो त्यातलं ‘शुद्ध’ आणि ‘शुद्धीवर’ असण्यातली ‘शुद्ध’ एकाच घरातली. मग यंत्रानं केलेला ‘बेशुद्ध पक्षपात’ मला अगदीच चुकीचा म्हणवेना.

त्या मुलीच्या शेऱ्यावर मी जे केलं त्याला शब्द काय?

तिठा :
सारवासारव.

आणि तुम्ही एकट्या नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लेखात असा प्रयोग आहे. दुकानात येणाऱ्यांपुढे नायलॉनच्या लांब मोज्यांच्या चार जोड्या ओळीनं मांडल्या आणि सगळ्यांत चांगली निवडा म्हणून सांगितलं. चारही जोड्या हुबेहूब सारख्या होत्या. तरी अगदी उजवीकडची जोडी निवडणारे लोक डावीकडची निवडणाऱ्यांच्या जवळजवळ चौपट निघाले. का निवडली, तर पोत, वीण, तलमपणा. जागेमुळे निवडली असं आपण होऊन कोणीच म्हणालं नाही. मुद्दाम विचारलं तेव्हा बहुतेकांनी साफ नाकारलं, काहींनी तर विचारणाऱ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं.

लोक खोटं बोलत नव्हते. निर्णय आधी झालेला, कारणं मागाहून सुचली, आणि ती सुचली इतक्या पटकन की माणसाला स्वतःलाच ती आधीची वाटली. जमीन सारवली की कोरी करकरीत दिसते, खालचे खड्डे तसेच. फक्त रूढ अर्थानं सारवासारव करणाऱ्याला आपण सारवतोय हे माहीत असतं. तेवढा एक पदर इथे सोडून द्यावा लागेल.

गोदाकाठ :
‘वासना’ कोणी काढलीच नाही. मराठीत तिची फारच बदनामी झाली. योगशास्त्रात आणि बौद्धांच्या विज्ञानवादात (इथे विज्ञान म्हणजे सायन्स नव्हे, मनातली जाणीव) वासना म्हणजे आधीच्या अनुभवाचा मनावर राहिलेला माग. बौद्धांचा दाखला मला फार आवडतो : फुलांत ठेवलेले तीळ. फुलं काढून घेतली तरी तिळांना वास राहतो, आणि तेल गाळलं की तेलालाही. आपल्याकडे ‘वास’ म्हणजे राहणंही आणि गंधही, त्यामुळे हे मराठी कानाला लगेच कळतं.

जुना अर्थ अजून पुरता मेलेला नाही. तापातून उठलेल्याची ‘अन्नावर वासना नाही’ म्हणतात. आणि इथे रामकुंडावर पिंडाला कावळा शिवेना की नातेवाईक हात जोडून पुटपुटतात, ‘काहीतरी वासना राहिलीय’. मग धाकट्याचं लग्न करून देऊ, घर विकणार नाही, अशी एकेक वचनं सुरू होतात. गेलेल्याच्या मनात काय होतं ते कावळ्यालाच ठाऊक, पण उभे असलेल्यांच्या मनात काय राहिलंय ते मात्र सगळं बाहेर येतं.

पुस्तिकेत हा शब्द घालू नका. गैरसमजाची हमी.

दुसरी घंटा :
एका अक्षराचा शब्द सगळे विसरले. ‘च’.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी मानसोपचारपद्धती सुरू केली तिचा गाभा असा की त्रास प्रसंगामुळे कमी आणि आपण मनाशी धरलेल्या हट्टी समजुतींमुळे जास्त होतो. कि. मो. फडक्यांनी ती ‘विवेकनिष्ठ’ या नावानं मराठीत रुजवली. इंग्रजीत त्या समजुती ‘मस्ट’, ‘शुड’ अशा क्रियापदांच्या आगेमागे असतात. आपल्याकडे त्या शेपटीला असतात. ‘मला मान मिळावा’ ही इच्छा झाली. ‘मला मान मिळालाच पाहिजे’ म्हटलं की रक्तदाब वाढला. बोलणाऱ्याला आपण च लावला हे लक्षातही येत नाही. स्वतःचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून च मोजा. मी मोजले. आकडा सांगणार नाही.

पाटावरवंटा :
दुरेघी, सगळं वाचलं. तुम्ही लोक मघापासून नामं शोधताय ग. इंग्रजीत ते नाम आहे म्हणून मराठीतही नामच हवं, असं कुठे लिहिलंय? आपण ही गोष्ट क्रियापदानं सांगतो. ‘त्याच्या मनानं घेतलं की सून आपलं ऐकत नाही.’ बघ, घेतलं कोणी? त्यानं नाही, त्याच्या मनानं. तो बिचारा त्या वाक्यात कर्ताही नाही. ‘मला वाटलं’, ‘मला राग आला’, ‘माझा समज झाला’, ‘मनात भीती बसली’, ‘डोक्यात भरलं’, ‘मनावर ठसलं’. वाटतं, येतो, होतो, बसते, भरतं. ‘मी’ एकातही पुढे नाही.

माझ्या सासूबाई डॉक्टरांना सांगायच्या, ‘हिच्या मनानं घेतलंय, दुसरं काही नाही.’ तेव्हा संताप यायचा. आता वाटतं, त्या बरोबर होत्या की चूक ते सोडा, निदान त्यांचं वाक्य तरी चोख होतं.

शुद्धिपत्र :
पाटावरवंटा, मानलं. आणि एक भर घालू द्या : ‘घेणे’ची व्युत्पत्तीही प्राकृतातून त्याच ग्रह् धातूपर्यंत नेतात. म्हणजे ‘मनानं घेतलं’ आणि ‘ग्रह झाला’ हे मुळात एकच. मी संस्कृताच्या दारानं आलो, तुम्ही स्वयंपाकघराच्या.

दुरेघीताई, ण-न बद्दल लिहिलंत ते वाचून मी या चर्चेतल्या लोकांच्या शुद्धलेखनावर लिहिलेला एक प्रतिसाद पाठवायचा राहू दिला.

दुरेघी :
पुस्तिका गेली छपाईला, म्हणून शेवटचं कळवते.

आधी ‘नकळत झालेले ग्रह’ असं करून पाच सुपरवायझरांना वाचायला दिलं होतं. पहिल्यानं विचारलं, ‘मॅडम, शनी-मंगळाचं आहे का? आमच्यात मानत नाहीत.’ मग पाटावरवंटामावशींचं ऐकलं आणि नाम सोडून दिलं. ‘नकळत मनात बसलेलं’ एवढंच ठेवलं, पुढे समज, भीती, कौतुक, जे असेल ते. भीतीबरोबर कौतुकही लिहिलं, कारण आपल्या गावचा पोरगा दिसला की तो हुशार वाटायला लागतो, तेही त्यातलंच. दुसऱ्यांदा वाचून एक जण म्हणाला, ‘म्हणजे लाईनवर बाई आली की टॉर्क गन हिला जड जाणार असं मी आधीच धरून चालतो, आणि तिच्याकडून एक नट सैल राहिला तर तोच लक्षात राहतो, ते ना?’ हो, तेच. त्याचं वाक्य त्याला विचारून चौथ्या पानावर चौकटीत घेतलं.

वरच्या लोकांच्या कागदोपत्री सोयीसाठी मुखपृष्ठावर ‘अनकॉन्शस बायस’ राहिलं आहे. रातांबा, अढी घेता आली नाही, पण आंबे उतरले की पेटीची वाट बघते. आणि शुद्धिपत्रकाका, ‘पूर्वग्रह’ सहाव्या पानावर आहे, काना न लावता. मात्र शेवटच्या प्रूफात तीन ठिकाणी ‘पूर्वाग्रह’ पुन्हा सापडला. यंत्राच्या मनानं घेतलंय.